चौदा लिंबूटिंबू आणि चौदा बॉल

पत्र : आम्ही कोल्हापुरात राहतो. आमच्या कॉलनीतल्या चार ते सहा वर्षांच्या चौदा मुलांना दर रविवारी सकाळी फुटबॉल शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. कॉलेजात दोन वर्षं खेळले, तेवढंच माझं भांडवल. मोबाईलवर व्हिडिओ बघून तयारी केली, मार्कर मांडले, मुलांची रांग केली आणि एकेकाला बॉल नेऊन किक मारायला सांगितलं. दहा मिनिटांत दोघं मातीत घरं बांधायला लागले, एक कुत्र्याच्या मागे गेला, दोघी भांडल्या. माझा स्वतःचा साडेचार वर्षांचा मुलगा तर माझा पाय सोडत नाही. सासरे एकेकाळी तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळायचे. ते म्हणतात, आधी शिस्त लावा, रांगेत उभं राहायला शिकवा. कडेला उभे असलेले बाबालोक ओरडून सूचना देतात, ते वेगळंच. मी काय खेळवू? किती वेळ? मॅच लावू का? आणि माझ्या मुलाचं काय करू?
— एक आई, कोल्हापूर

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी एक हिशेब केला. चौदा मुलं, एक रांग, एकेका मुलाला वीस सेकंद. म्हणजे एकदा बॉलला पाय लागला की पुढची पाळी जवळजवळ पाच मिनिटांनी. चाळीस मिनिटांत जेमतेम आठ किका. मधल्या वेळात चार वर्षांच्या मुलाने नुसतं उभं राहायचं. तेव्हा मातीत घरं बांधणारी ती दोघं बेशिस्त नव्हती हो, त्यांनी आपापला खेळ शोधला होता. कुत्र्याच्या मागे धावलेला मुलगा तर त्या सकाळी सगळ्यांत जास्त पळाला असेल.

म्हणून पहिलं सांगणं हेच : रांग मोडा आणि प्रत्येकाला बॉल द्या. चौदा मुलं तर चौदा बॉल. सगळे तुम्ही विकत घ्यायची गरज नाही. प्रत्येकाने घरून आपापला आणायचा, त्यावर मार्करपेनाने नाव घालायचं. नाव नसेल तर 'हा माझा' यावरच निम्मा रविवार जातो. या वयात बॉल 'माझा' असतो, तो दुसऱ्याला द्यायची कल्पनाच त्यांना पटत नाही. त्यामुळे पास शिकवायची घाई नको. आधी त्याची आणि बॉलची गट्टी जमू दे.

बॉल तीन नंबरचा घ्या. मोठ्यांचा पाच नंबरचा ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर. तीन नंबरचा साधारण ३०० ते ३२० ग्रॅमचा, घेर साठच्या आत. सोळा-सतरा किलोच्या मुलाने पाच नंबरच्या बॉलला जोरात लाथ मारली की पाय झिणझिणतो आणि पुढच्या वेळी तो बॉलला घाबरून मारतो. तीन नंबरचा मिळाला नाही तर जत्रेतला रबरी बॉलही चालेल. हवा जरा कमीच ठेवा. अंगठ्याने दाबल्यावर थोडा दबला पाहिजे. टणक बॉल कोल्हापूरच्या कडक मातीवर उसळून पळतो, आणि त्याच्यामागे पळून पोरं रडकुंडीला येतात.

आता काय खेळवायचं. व्हिडिओतले खेळ वाईट नसतात, पण ते समजावून सांगण्यात तुमचा जीव जातो. चार वर्षांचं मूल वीस सेकंदांच्या वर ऐकून घेत नाही. त्यापेक्षा त्यांना जे खेळ ठाऊक आहेत, निदान घरात आजी-आईला ठाऊक आहेत, त्यांच्यात बॉल सोडा.

माझा सगळ्यांत आवडता विषामृत. तुम्ही लहानपणी खेळला असालच : राज्य असलेल्याने शिवलं की 'विष', जागच्या जागी थिजायचं, दुसऱ्याने येऊन 'अमृत' म्हणत शिवलं की सुटका. इथे प्रत्येकजण आपला बॉल पायाने ढकलत पळतो. विष लागलं की बॉल उचलून डोक्यावर धरायचा आणि पाय फाकून उभं राहायचं. अमृत द्यायला येणाऱ्याने आपला बॉल त्याच्या दोन पायांमधून घालवायचा. बघा, यात काय काय आलं : बॉल जवळ ठेवून पळणं, मान वर करून कोण थिजलंय ते बघणं आणि अगदी जवळून नेम धरून पायाच्या आतल्या बाजूने हळूच मारणं. पास म्हणतात तो हाच, फक्त त्यांना ते सांगायचं नाही. त्यांच्या लेखी ते मित्राला जिवंत करत असतात. पहिले दोन-तीन रविवार राज्य तुम्हीच घ्या. या वयात मुलावर राज्य आलं की त्याला ते शिक्षा वाटते, आणि तुम्ही पकडणार म्हटल्यावर सगळे जिवाच्या आकांताने पळतात. सगळ्यांना विष लावायचं मात्र नाही. चार-पाच थिजले की तुम्ही दमल्याचं सोंग करा.

दुसरा तळ्यात-मळ्यात. फक्कीची एक सरळ, लांब रेघ ओढा. पहिल्यांदा बॉलशिवाय, नेहमीसारख्या उड्या. मग बॉल घेऊन : 'तळ्यात' म्हटलं की बॉल रेघेपलीकडे ढकलायचा, 'मळ्यात' म्हटलं की तळव्याखाली धरून मागे ओढायचा. हे मागे ओढणं नीट बघत राहा. मूल आधी सगळं वजन बॉलवर टाकतं, बॉल सटकतो आणि ते मागच्या मागे बसतं. एक-दोनदा बसू दे, मातीत लागत नाही. मग त्याच्यासमोर उभं राहून दोन्ही हात धरा आणि सांगा, 'बॉल झोपलाय, त्याच्या पाठीवर हलकेच पाय ठेव.' 'चवड्याने रोल कर' असलं काही सांगू नका. बॉल झोपलाय म्हटल्यावर पाय आपोआप हलका पडतो. एकदा बॉल मागे आला की ते मूल वर तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. त्या वेळी तुमची नजर मोबाईलवर किंवा दुसऱ्या मुलावर असू नये, एवढीच काळजी घ्या.

डोंगराला आग लागली, पळा पळा पळा : हा सुरुवातीला अंग गरम करायला उत्तम. बॉल घेऊन मैदानभर पळायचं, 'थांब' म्हटलं की बॉलवर पाय. पुढच्या वेळी कोपर, मग पोट, मग बॉलवर बसायचं. बॉलवर पोट टेकवा म्हटलं की चौदाच्या चौदा खिदळत लोळतात, आणि नवीन मुलाची भीती त्या लोळण्यातच अर्धी जाते.

लगोरी किकसाठी. तीन-चार रिकामे प्लास्टिकचे डबे एकावर एक रचा, पाच पावलांवरून बॉलने पाडा आणि ज्याने पाडलं त्याने पळत जाऊन परत रचायचं. रचताना त्याच्यावर दुसऱ्याची किक यायला नको, म्हणून दोघा-दोघांना एक लगोरी द्या आणि लगोऱ्या लांब लांब मांडा. हाच जोर काढायचा आणखी एक मार्ग म्हणजे 'अंगण झाडा' : मध्ये रेघ, दोन बाजूंना सात-सात मुलं, सगळे बॉल दोन्हीकडे विखुरलेले. मिनिटभर आपल्या अंगणातला प्रत्येक बॉल पलीकडे मारायचा. शिट्टी झाली की मोजायचं. मोजण्यात चुका होतात, होऊ द्या.

आणि शेपटी. जुन्या ओढणीच्या पट्ट्या कमरेला मागे खोचायच्या, दुसऱ्याची पळवायची, आपली वाचवायची. बॉल नसला तरी अंग वळवणं, हुलकावणी देणं, मागे कोण आहे याचं भान, सगळं येतं. शेपटी गेली तर तुमच्या पिशवीत दुसरी तयार ठेवा.

ही दुसरी शेपटी म्हणजे माझ्या दृष्टीने गाभ्याची गोष्ट आहे. आपल्या गल्लीत लहान भावंडांना मोठ्यांच्या खेळात घ्यायची एक रीत होती : त्याला लिंबूटिंबू म्हणायचं. तो खेळतो, पळतो, पण आऊट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. कुणी शिकवलं नव्हतं, पण हे शहाणपण गल्लीतल्या आठ-दहा वर्षांच्या पोरांकडेही होतं. तुमच्याकडे चौदाही लिंबूटिंबू आहेत. म्हणून ज्या खेळात मूल बाद होऊन कडेला बसतं तो खेळ एकतर सोडा, नाहीतर बदला. आधी बाद कोण होतं? ज्याला अजून नीट जमत नाही तोच. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यांत जास्त गरज, तोच सगळ्यांत कमी खेळतो. मामाचं पत्र हरवलं हा खेळ मला प्रिय आहे, पण त्यात दोघं पळतात आणि बाकीचे बसतात. तो पाणी पिऊन दम खायच्या वेळेला ठेवा.

मॅच लावा, जरूर लावा, नाहीतर मुलं विचारतीलच. पण सातास सात नको. तीनास तीन, गोलकीपर नाही, छोटंसं मैदान, दोन-दोन चपला मांडून केलेले गोलपोस्ट. चौदांत तीनास तीनच्या दोन मॅचेस होतात आणि दोघं उरतात. त्या दोघांना घेऊन एका मैदानावर चारास चार करून टाका, कुणालाही कडेला बसवू नका. हे काही माझ्या मनाचं नाही. जर्मनीने २०२४-२५च्या हंगामापासून देशभर सर्वांत लहान मुलांच्या गटात हेच लागू केलं : दोनास दोन किंवा तीनास तीन, दोनाऐवजी चार छोटे गोल, गुणतक्ता नाही. चार गोलांची कल्पना हॉर्स्ट वाइन या जर्मन प्रशिक्षकाने रुजवली, आणि ते मूळचे हॉकीचे. हल्ला करायला दोन दारं असली की मूल मान वर करून बघतं, कुठलं दार मोकळं आहे. तुम्हीही करून बघा. आठ जोड चपला काढल्या की दोन मैदानांचे आठ गोल तयार.

मॅच सुरू झाली की साखरेच्या दाण्याला मुंग्या लागाव्यात तशी सगळी पोरं बॉलभोवती गोळा होतील. होऊ द्या. 'जागा सोडू नको', 'पसरा' हे त्यांना अजून कळणार नाही, कारण बॉल जिथे आहे तिथेच खेळ आहे असं त्यांना वाटतं, आणि त्यांच्या वयाला ते खरंच आहे. त्या घोळक्यात बॉलला पाय लागतो, धक्का खाऊनही उभं राहता येतं. पसरायचं नंतर आपोआप सुचतं.

एका बाबतीत मात्र मी ठाम आहे. डोक्याने बॉल मारायला कुणालाही शिकवू नका, कुणी हौशी काका सांगायला आले तरी. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ साली दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी हेडिंग बंद केलं. इंग्लंडच्या संघटनेने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून ते काढून टाकलं. वाढत्या मेंदूशी खेळ नको. स्टडचे बूटही नकोत, साधे कॅनव्हासचे पुरेत. सुरू करण्याआधी मैदानावरून एक चक्कर मारून काचा, खडे, तारा उचलायच्या. हे काम दर रविवारी, पावसानंतर तर दोनदा.

वेळ म्हणाल तर चाळीस मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. मुलं येतील तसे बॉल मोकळे ठेवा, आलं की खेळायला लागायचं, सगळे जमायची वाट बघायची नाही. मग डोंगराला आग, त्यानंतर विषामृत, पाणी, तळ्यात-मळ्यात किंवा लगोरी, पुन्हा पाणी आणि शेवटची दहा-बारा मिनिटं मॅच. एक खेळ सात-आठ मिनिटांच्या वर ताणू नका. रंगात आला असताना थांबवला तर पुढच्या रविवारी मुलं तोच मागत येतात. दर आठवड्याला नवीन खेळ शोधायची धडपडही नको. या वयाला तेच ते फार आवडतं. तीच गोष्ट रात्री शंभरदा सांगायला लावतात, तसंच आहे हे.

आता सासऱ्यांचं. त्यांचं म्हणणं मला परकं नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशी तालमींची नावं घेऊन संघ उतरतात, शाहू स्टेडियमवर हजारोंनी माणसं बसतात, आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. त्या मातीत ज्यांनी घाम गाळला त्यांना चार वर्षांच्या पोरांचं लोळणं बघून वाईट वाटणारच. त्यांच्याशी वाद घालू नका. एक दिवस चहा घेताना विचारा, 'बाबा, तुम्ही पाच वर्षांचे असताना तुम्हाला रांगेत कोण उभं करायचं?' मला खात्री आहे, गल्लीतल्या रबरी बॉलची, भिंतीवर मारलेल्या किकांची, कुणाच्या तरी फुटलेल्या कौलांची गोष्ट निघेल. रांग त्यांच्या आयुष्यात खूप नंतर आली. ती गोष्ट त्यांना पाण्याच्या वेळेत मुलांसमोर सांगायला लावा, दर रविवारी एक, दोन मिनिटांची. खुर्ची टाका, मुलं भोवती बसतील. मैदानावर आजोबांची जागा ती आहे, आणि ती तुम्ही घेऊ शकत नाही.

बाबालोकांना गप्प बसा म्हणून ते गप्प बसणार नाहीत, त्यांना काम द्या. दोघा बाबांना एक ओढणी दोन टोकांना धरून मैदानात हळूहळू चालायला सांगा. हा चालता गोल. मुलांनी बॉल घेऊन त्याच्या मागे जायचं आणि ओढणीखालून मारायचं. गोल जागेवर नसल्याने मुलांना सारखी मान वर करावी लागते, बाबांना कमरेत वाकून चालावं लागतं आणि सूचना द्यायला दम उरत नाही. शिवाय आपला मुलगा पाचदा चुकून सहाव्यांदा बॉल घालतो, हे त्यांना चार पावलांवरून दिसतं. कडेला उभं राहून ते कधीच दिसत नाही. एकच नियम त्यांना स्पष्ट सांगा : मुलाचं नाव घेऊन ओरडायचं नाही. नाव ऐकलं की मूल खेळायचं थांबून बाबांकडे बघतं.

तुमच्या मुलाबद्दल मुद्दाम शेवटी लिहिते आहे, कारण पत्रात ते एका ओळीत आलं असलं तरी तुम्हाला तेच सगळ्यांत जास्त लागलंय असं मला वाटलं. तो बॉलला घाबरत नसावा. त्याच्या बाजूने बघा : रविवार सकाळ, त्याची आई, आणि तिला 'काकू, काकू' करत ओढणारी तेरा मुलं. जिचा पाय धरलाय ती वाटली जातेय. मैदानावर तुम्ही त्याला समजावायला बसलात तर बाकीचे सुटतात, आणि रागावलात तर तो फुटबॉलवर रुसतो. म्हणून त्या चाळीस मिनिटांसाठी त्याला दुसरं एक माणूस द्या, बाबा, मावशी, शेजारची ताई, कुणीही. आणि मैदानावर जाण्याआधीचा वेळ फक्त त्याचा ठेवा : घरापासून मैदानापर्यंत तुम्ही दोघांनी बॉल ढकलत जायचं, तिसरं कुणी नको.

माझ्याकडे एक मुलगी होती, पाच वर्षांची. सलग पाच रविवार ती गुलमोहराखाली बॉल मांडीत घेऊन बसली. आईला अपराधी वाटायचं, ती मला दर वेळी विचारायची, पुढच्या रविवारपासून आणू की नको. मी म्हणायचे, आणा. बसलेलं मूल बघत असतं. सहाव्या रविवारी विषामृत चाललं होतं, एक मुलगा अगदी झाडाजवळ थिजून उभा होता, 'अमृत, अमृत' ओरडत, आणि कुणाचंच लक्ष नव्हतं. ती उठली, बॉल जमिनीवर ठेवला, दोन्ही हातांनी फ्रॉक धरला आणि पायाच्या बोटांनी बॉल ढकलला. तो गेला त्याच्या पायांमधून, फार हळू, मध्येच थांबतो की काय असा. तो मुलगा सुटला तसा पळालासुद्धा, त्याला तिचं काही विशेष वाटलं नाही. ती मात्र तिथेच उभी राहून आपल्या बॉलकडे बघत होती. मग गेली बॉलमागे, आणि खेळ संपेपर्यंत परत झाडाखाली आली नाही.

तुमचा मुलगा किती रविवार घेईल ते मला सांगता येणार नाही. तोवर त्याला एक काम द्या, खरंखुरं, नुसतं मन रमवायला दिलेलं नव्हे. शनिवारी रात्री बॉलमध्ये हवा भरायची असते. पंपाची सुई आधी थोडी ओली करून मगच व्हॉल्व्हमध्ये घालायची, कोरडी घातली तर व्हॉल्व्ह फाटू शकतो. बॉल तुम्ही गुडघ्यात धरा आणि पंप त्याच्या हातात द्या. अंगठ्याने दाबून 'बास' कधी म्हणायचं, ते त्याने ठरवायचं.